फ्रेंच शिकताना अडणाऱ्या जागा आणि मराठीची वाट

आपल्याकडे फ्रेंच शिकायला बसणाऱ्या बहुतेकांच्या हातात इंग्रजीतून समजावणारं पुस्तक असतं. वर्गातही स्पष्टीकरण इंग्रजीत होतं, वहीत अर्थ इंग्रजीत उतरतात, आणि अकरावी-बारावीत गुणांसाठी फ्रेंच घेतलेली मुलं तर मराठीला या सगळ्यापासून लांबच ठेवतात. माझं मत याच्या उलट आहे. इंग्रजी बोलणारा माणूस फ्रेंचमध्ये जिथे ठेचकाळतो, त्यातल्या बऱ्याच जागी मराठी माणसाला ठेचकाळायचं काही कारण नाही. आपल्या खरोखरच्या अडचणी निराळ्या आहेत, आणि पुस्तकात त्यांना जेमतेम एखादी ओळ मिळते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मी ज्या क्रमाने शिकवते, त्याच क्रमाने हे लिहिते आहे.

लिहिण्याच्या सोयीबद्दल आधी सांगते. फ्रेंच शब्द इथे देवनागरीत आहेत, आणि ते ऐकून पक्के करायचे आहेत, नुसते वाचून नाही. ‘आँ’, ‘ओं’ आणि ‘ऐं’ हे तिन्ही हिंदीसारखे, नाकातून वाचा. ‘ज़’ म्हणजे ‘जोर’मधल्या ‘ज’च्या जवळचा. ‘झ़’साठी ‘श’ म्हणा आणि तसंच म्हणत घशातला आवाज सुरू करा. ‘श’ला कंठ जोडला की तो ‘झ़’ होतो. अक्षरांची नावं इंग्रजीतली वापरते, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहेत.

पायरी १: इंग्रजीचा ‘ट’ सोडा

फ्रेंचमधले टी आणि डी दातांना जीभ लावून म्हणायचे असतात. म्हणजे आपले ‘त’ आणि ‘द’, जसेच्या तसे. पी आणि के यांच्यात इंग्रजीसारखा हवेचा झोत नसतो, म्हणजे आपले साधे ‘प’ आणि ‘क’. इंग्रज माणसाला हे महिनोन्‌महिने घोटावं लागतं. आपल्याला ते जन्मतः येतं, पण इंग्रजीच्या सवयीने आपण ते बिघडवतो: ‘रेस्तोराँ’ला ‘रेस्टॉरंट’ म्हणतो, ‘ताब्ल’ला ‘टेबल’. पहिल्याच दिवशी ठरवून टाका की फ्रेंच बोलताना ‘ट’ आणि ‘ड’ तोंडातून येणार नाहीत. उच्चार लगेच सुधारतो.

एका बाबतीत मात्र सावध राहा. फ्रेंचचा व्ही म्हणजे आपला ‘व’ नव्हे. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून म्हणायचा ‘व्ह’. एफ तसाच, ‘फळ’मधला ‘फ’ इथे चालत नाही.

दुसरी देणगी लयीची. इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर (म्हणजे उच्चाराच्या एका तुकड्यावर) जोर येतो आणि बाकीचे चेपले जातात. मराठीत तसं होत नाही, फ्रेंचमध्येही नाही. सगळे अवयव जवळपास सारख्या वजनाने म्हणा आणि वाक्याच्या तुकड्याचा शेवटचा अवयव किंचित लांबवा. एवढं पुरेसं आहे.

पायरी २: जे मराठीत नाही ते आरशासमोर

आता खरी मेहनत. पहिला स्वर तो, जो फ्रेंचमध्ये यू हे अक्षर एकटं आलं की होतो. मी तो ‘यू’ असा लिहिते, पण त्यात ‘य’ अजिबात नाही. आरसा घ्या. लांब ‘ई’ म्हणा. जिभेचं टोक खालच्या दातांना लागलेलं असेल. ते तिथेच राहू द्या. आता जीभ जराही न हलवता फक्त ओठ शीळ घालताना करतो तसे पुढे काढा. जो आवाज येईल तो फ्रेंचचा ‘यू’. बहुतेकांची जीभ ओठांबरोबर मागे सरकते आणि साधा ‘ऊ’ बाहेर पडतो. म्हणून ओठ पुढे, ओठ मागे, पुन्हा पुढे असं करत ‘ई-यू-ई-यू’ म्हणत राहा. जीभ हलली की लगेच कळतं.

हे इतकं घोटायचं कारण अर्थ बदलतो. ‘त्यू’ म्हणजे तू. ओठांबरोबर जीभ मागे गेली तर ‘तू’ होतं, आणि फ्रेंचमध्ये ‘तू’ म्हणजे ‘सगळं’. ‘दस्यू’ म्हणजे वर, ‘दसू’ म्हणजे खाली. किल्ली कुठे ठेवली आहे हे फोनवर सांगताना या दोघांची अदलाबदल झाली तर समोरचा माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

हीच युक्ती ‘ए’वर वापरा: जीभ ‘ए’ची, ओठ ‘ओ’चे. हा स्वर ‘दोन’, ‘थोडं’, ‘निळा’ या अगदी रोजच्या फ्रेंच शब्दांत आहे. देवनागरीत त्याला चिन्ह नाही, आणि ‘द’, ‘प’, ‘ब्ल’ असं लिहून काम भागत नाही. म्हणून तो ऐकूनच धरा.

मग नाकातले स्वर. इथे मराठी माणसाची अडचण फार विशिष्ट आहे. आपण अनुस्वार लिहितो खरा, पण म्हणताना तो पुढच्या व्यंजनानुसार बदलतो: ‘आंबा’त ‘म्’, ‘दंत’मध्ये ‘न्’, ‘अंक’मध्ये ‘ङ्’. फ्रेंचमध्ये यातलं काहीच नको. हवा नाकातोंडातून जाते आणि जीभ कुठेही टेकत नाही. कोकणी किंवा मालवणी घरात वाढलेल्यांच्या बोलण्यात असे स्वर आहेतच, त्यांनी तेच वापरावेत. बाकीच्यांनी हिंदीचा आधार घ्यावा. हिंदीतला ‘मैं’ म्हणा: फ्रेंचमध्ये ‘हात’ या अर्थाचा शब्द जवळपास हुबेहूब असाच आहे. हिंदीतल्या ‘हाँ’चा स्वर थोडा घशाकडे ओढला की ‘आँ’ मिळतो. ‘ओं’साठी ओठ चांगले गोल करा.

मग ही तिकडी म्हणून पाहा: ‘व्हैं’ म्हणजे वाइन, ‘व्हाँ’ म्हणजे वारा, ‘व्हों’ म्हणजे ‘(ते) जातात’. ‘बैं’, ‘बाँ’, ‘बों’ अशीही तिकडी होते: आंघोळ, बाक, चांगला. चौथाही एक नासिक्य स्वर आहे, ‘एक’ या अर्थाच्या पुल्लिंगी शब्दातला, पण पॅरिसकडे तो ‘ऐं’मध्ये मिसळून गेला आहे. त्यासाठी आता झोप घालवू नका.

जीभ टेकते आहे का हे ‘बों’ आणि ‘बॉन’ या जोडीवर तपासा. पहिला पुल्लिंगी ‘चांगला’, दुसरा स्त्रीलिंगी ‘चांगली’. पहिल्यात जिभेचं टोक वर जाता कामा नये, दुसऱ्यात गेलंच पाहिजे. लिखाणातला नियम सोपा आहे: स्वरापुढे एन किंवा एम असेल आणि त्यानंतर व्यंजन असेल किंवा शब्द संपत असेल, तर स्वर नाकातला. त्यानंतर पुन्हा स्वर आला, किंवा तेच अक्षर दुहेरी आलं, तर सहसा नासिक्य जातो आणि ‘न’ किंवा ‘म’ साधा ऐकू येतो.

आर शेवटी ठेवला, कारण त्याची भीती अकारण मोठी केली जाते. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवा म्हणजे ते आपल्या ‘र’साठी वर उडणार नाही. मग ‘ग’ म्हणताना जीभ मागे जिथे लागते त्याच्याही थोडं मागे, पूर्ण न चिकटवता, हवा घासत जाऊ द्या. जाणकार गायक ‘ग़ज़ल’मधला ‘ग़’ जसा म्हणतात, त्याच्या हा अगदी जवळ आहे. ‘त’, ‘प’, ‘क’ यांच्यानंतर तो ‘ख़याल’मधल्या ‘ख़’कडे झुकतो. नाहीच जमला तर जिभेच्या टोकाच्या ‘र’ने बोला. कॅनडातल्या क्युबेकमध्ये आणि फ्रान्सच्या ग्रामीण भागात जुन्या पिढीतले कितीतरी लोक असाच ‘र’ बोलत आले आहेत, आणि तो सगळ्यांना समजतो. ‘यू’ चुकला तर अर्थ चुकतो, आर चुकला तर फक्त ढंग वेगळा वाटतो. वेळ कुठे घालवायचा ते यावरून ठरवा.

पायरी ३: लिहिलेलं आणि म्हटलेलं

फ्रेंचचं स्पेलिंग बेशिस्त आहे असं सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही. ऐकलेलं लिहिणं अवघड आहे, पण लिहिलेलं वाचणं इंग्रजीपेक्षा कितीतरी नियमित आहे. ओ-यू म्हणजे ‘ऊ’, ओ-आय म्हणजे ‘वा’, ए-यू किंवा ई-ए-यू म्हणजे ‘ओ’, सी-एच म्हणजे ‘श’, हे अपवाद सोडता कायम. ‘वाज़ो’ म्हणजे पक्षी. त्याच्या एकवचनी स्पेलिंगमध्ये इंग्रजीचे पाचही स्वर हजर आहेत आणि ऐकू येतात दोनच अवयव. तरी नियम लावून वाचलं की बरोबर तेच येतं.

शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुधा मुकं असतं. सी, आर, एफ, एल ही चार अक्षरं बऱ्याचदा बोलतात, मात्र ‘ई-आर’ने संपणाऱ्या क्रियापदांत आर मुका: ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. शेवटचं ई हे अक्षर स्वतः ऐकू येत नाही, पण आधीच्या व्यंजनाला बोलायला लावतं. ‘पती’ म्हणजे लहान (पुल्लिंगी), शेवटी ई जोडलं की ‘पतीत’. ‘फ्राँसे’ म्हणजे फ्रेंच पुरुष, ‘फ्राँसेज़’ म्हणजे फ्रेंच स्त्री. शब्दाच्या मधल्या ई-चंही तसंच. आपण ‘करमणूक’ लिहितो आणि ‘कर्मणूक’ म्हणतो. फ्रेंच माणूस ‘पतीत’ घाईत ‘प्तीत’ म्हणतो. मराठी कानाला हे शिकवावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

क्रियापदांचे शेवट इतके मुके आहेत की ‘मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात’ या चारही रूपांत ‘पार्ल’ एवढंच ऐकू येतं. त्यामुळे ‘झ़ पार्ल, त्यू पार्ल, ईल पार्ल’ असं प्रत्येक वेळी कर्ता लावून बोलावंच लागतं. आपण नुसतं ‘येतेस?’ म्हणालो तरी कोण ते कळतं, कारण आपल्या क्रियापदातच माणूस दडलेला असतो. फ्रेंचमध्ये कर्ता गाळायची सवय पहिल्या आठवड्यातच मोडा.

‘ते’ या कर्त्याच्या क्रियापदाला लिहिताना ई-एन-टी लागतं आणि ते पूर्ण मुकं असतं. नामाच्या किंवा विशेषणाच्या शेवटी तीच तीन अक्षरं ‘आँ’ होतात. फ्रेंच शाळांतलं एक जुनं वाक्य याचा नमुना आहे: ‘ले पूल द्यू कूव्हाँ कूव्ह’, म्हणजे मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. शेवटचे दोन्ही शब्द लिहायला अक्षरशः सारखे, पण पहिला नाम आणि दुसरा क्रियापद, म्हणून उच्चार वेगळे.

पायरी ४: संधी

पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की मागच्याचं मुकं व्यंजन जागं होतं. ‘ले’ अधिक ‘आमी’ म्हणजे ‘लेज़ामी’, मित्रमंडळी. ‘जगत्’ आणि ‘ईश’ जोडून ‘जगदीश’ करणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये. एस आणि एक्स जोडताना ‘ज़’ होतात, डी जोडताना ‘त’ होतो: मोठा माणूस म्हणजे ‘ग्राँतॉम’.

सगळ्यात महत्त्वाची जोडी पाठ करा. ‘ईल्ज़ों’ म्हणजे ‘त्यांच्याकडे आहे’. ‘ईल सों’ म्हणजे ‘ते आहेत’. फरक फक्त ‘ज़’ आणि ‘स’चा.

संधी कुठे करायची? आर्टिकल आणि नाम, सर्वनाम आणि क्रियापद, नामाआधीचं विशेषण आणि नाम, आणि छोट्या शब्दयोगी शब्दांनंतर (‘आँ’, ‘दाँ’, ‘शे’) नेहमी. ‘ए’ म्हणजे ‘आणि’ याच्यानंतर कधीच नाही. एकवचनी नामानंतरही नाही. बाकी ठिकाणी सुरुवातीला न केलेली बरी. न केल्याने कोणी अडत नाही, पण भलत्या जागी केली की ऐकणारा गोंधळतो.

एच हे अक्षर फ्रेंचमध्ये कधीच बोललं जात नाही, पण काही शब्दांत ते संधीला आडवं येतं. ‘नायक’ या शब्दात तसंच आहे: ‘ले एरो’ म्हणजे नायक मंडळी, आणि चुकून ‘लेज़ेरो’ म्हटलं तर ती शून्यं होतात. गंमत म्हणजे ‘नायिका’ या शब्दातलं एच मात्र आडवं येत नाही. असे शब्द ओळखायचा नियम नाही. चांगल्या शब्दकोशात त्यांच्यापुढे बहुधा तारांकन असतं, ते पाहायची सवय लावा.

‘सहा’ आणि ‘दहा’ या शब्दांतही हेच चालतं: एकटे असताना ‘सीस’, ‘दीस’, पुढे व्यंजन आलं की ‘सी’, ‘दी’, पुढे स्वर आला की ‘सीज़’, ‘दीज़’.

पायरी ५: लिंग, नपुंसकाशिवाय

निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं आपल्याला काही वाटत नाही. अडचण आहे ती मराठीतल्या नपुंसक शब्दांची. ती सगळी फ्रेंचमध्ये कुठे ना कुठे वाटली गेली आहेत आणि त्यामागे तर्क नाही. ‘घर’, ‘पाणी’, ‘फूल’, ‘शहर’ हे स्त्रीलिंगात गेले. ‘पुस्तक’, ‘झाड’, ‘गाव’ पुल्लिंगात. ‘खुर्ची’ मात्र दोन्हीकडे स्त्रीलिंगीच. म्हणून मराठीवरून अंदाज बांधू नका.

नाम वहीत उतरवताना सोबत ‘एक’ लिहा: पुल्लिंगी ‘अं’ किंवा स्त्रीलिंगी ‘यून’. पुस्तकं ‘ल’ (पुल्लिंगी) आणि ‘ला’ (स्त्रीलिंगी) ही आर्टिकलं लावून शिकवतात, पण स्वराने सुरू होणाऱ्या नामापुढे दोघांचंही नुसतं ‘ल्’ होतं आणि लिंग झाकलं जातं. ‘यून’ कधीच झाकलं जात नाही.

शेवट पाहून बराच अंदाज येतो. ‘-सियों’ने संपणारी टी-आय-ओ-एनवाली नामं स्त्रीलिंगी, ‘-ते’ने संपणारी भाववाचक नामं बहुतेक स्त्रीलिंगी, ‘-माँ’ आणि ‘-ईज़्म’ पुल्लिंगी, ‘-आझ़’ बहुतेक पुल्लिंगी. पण ‘पाझ़’ (पान), ‘प्लाझ़’ (समुद्रकिनारा) आणि ‘इमाझ़’ (चित्र) स्त्रीलिंगी.

विशेषण नामाप्रमाणे बदलतं, जसं आपलं ‘चांगला-चांगली’. जागा मात्र वेगळी: फ्रेंचमध्ये ते सहसा नामानंतर येतं. सुंदर, चांगला, मोठा, लहान, तरुण, म्हातारा, नवा अशी रोजची काही विशेषणं आधी येतात. एवढी यादी पाठ करा, उरलेली मागे टाका.

पायरी ६: भात आवडतो, भात खातो

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ही जागा मला खरोखर सगळ्यात अवघड वाटते. ‘मला भात आवडतो’, ‘मी भात खातो’, ‘मी भात खात नाही’ या तिन्हींत आपला भात तसाच राहतो. फ्रेंचमध्ये त्याचे तीन अवतार होतात:

झ़ेम ल री. (मला भात आवडतो.)
झ़ माँझ़ द्यू री. (मी भात खातो.)
झ़ न माँझ़ पा द री. (मी भात खात नाही.)

आवडनिवड सांगताना भात ही सगळी जातच डोळ्यांसमोर असते, म्हणून ‘ल’. खाताना त्यातला काही हिस्सा, म्हणून ‘द्यू’. स्त्रीलिंगी नाम असेल तर ‘द ला’. नकार आला की नुसतं ‘द’. ‘हा भात नाही’ अशा ‘असणे’च्या वाक्यात मात्र नकारातही ‘द्यू’ टिकतं. मी मुलांना स्वयंपाकघरातल्या प्रत्येक पदार्थावर ही तीन वाक्यं म्हणायला लावते. नियम पाठ असून बोलताना चुकणं इथे अगदी नेहमीचं आहे. तोंडाला वळण लागल्याशिवाय सुटका नाही.

जाता जाता: ‘मला दोन पाहिजेत’ असं म्हणताना आपण ‘त्यातले’ गाळतो. फ्रेंचमध्ये ‘आँ’ हा छोटा शब्द घालून ते सांगावंच लागतं.

पायरी ७: भूतकाळ, जिथे मराठी खरी कामाला येते

फ्रेंच भूतकाळात काही क्रियापदं ‘असणे’चं रूप घेतात, बाकीची ‘जवळ असणे’चं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना जाणे, येणे, पोचणे, निघणे, चढणे, उतरणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे अशी यादी घोकावी लागते. तुम्ही ती मराठीत म्हणून पाहा: तो गेला, आला, पोचला, निघाला, चढला, उतरला, पडला, राहिला, जन्मला, मेला. एकालाही ‘ने’ लागत नाही. आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं: तो गेला, ती गेली. फ्रेंचमध्येही या क्रियापदांची रूपं कर्त्याप्रमाणेच बदलतात. ‘तो वारला’ म्हणजे ‘ईल ए मॉर’, ‘ती वारली’ म्हणजे ‘एल ए मॉर्त’.

याच्या पुढची पायरी पाहा. ‘ती उतरली’ म्हणजे ‘एल ए देसाँद्यू’. पण ‘तिने बॅग उतरवली’ म्हणजे ‘एल आ देसाँद्यू ला व्हालीज़’. कर्म आलं, आणि मराठीत ‘ने’ आला, ‘उतरणे’चं ‘उतरवणे’ झालं. फ्रेंचमध्ये त्याच क्षणी ‘असणे’चं ‘ए’ जाऊन ‘जवळ असणे’चं ‘आ’ आलं. चढणे-चढवणे, निघणे-काढणे, सगळीकडे हेच. इंग्रजीतून शिकवताना हा अपवाद म्हणून सांगतात. मराठी माणसाने तो अपवाद मानायची गरजच नाही.

आता मर्यादा. धावला, चालला, झोपला, हसला, पोहला यांनाही मराठीत ‘ने’ नाही, पण फ्रेंचमध्ये ही क्रियापदं ‘जवळ असणे’चंच रूप घेतात. फ्रेंचची यादी इथून तिथे जाण्याची आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची आहे. धावण्याची किंवा हसण्याची नाही. आणि स्वतःवरच्या क्रिया (आंघोळ करणे, कपडे घालणे, उठणे यांची ‘स’ लागणारी क्रियापदं) मराठीत ‘ने’ घेवोत न घेवोत, फ्रेंचमध्ये ‘असणे’ घेतात.

दुसरं कोडं आधी आलेल्या कर्माचं. ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी चिठ्ठी लिहिली’: मराठीत क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. फ्रेंचमध्ये ‘झ़े एक्री यून लेत्र’ यात काही बदलत नाही, कारण कर्म नंतर आलं. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ असं कर्म पुढे आणलं की ‘ला लेत्र क झ़े एक्रीत’. चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून ‘त’ ऐकू आला. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देत या नियमाचा पुरस्कार केला, आणि आजही फ्रेंच लोक स्वतः त्यात चुकतात. तुम्हाला कर्माशी जुळवून घ्यायची सवय लहानपणापासून आहे. फक्त एक अट जोडा: कर्म आधी आलं असेल तरच.

तिसरं, दोन भूतकाळांतली निवड. ‘गेलो’ हे एकदा घडून संपलेलं. ‘जात होतो’ आणि ‘जायचो’ ही दोन्ही फ्रेंचमध्ये एकाच रूपात येतात, त्याला ‘ऐंपार्फे’ म्हणतात. ‘लहानपणी आम्ही मे महिन्यात कोकणात जायचो’: ऐंपार्फे. ‘मी वाचत होते तेवढ्यात फोन वाजला’: पहिलं ऐंपार्फे, दुसरं साधं. वाक्य आधी मराठीत म्हणा, ‘-त होतो’ किंवा ‘-यचो’ आलं की निर्णय झाला. इंग्रजीत साधं भूतकाळी रूप दोन्हीकडे चालून जातं, म्हणून तिथून ही निवड नीट कळत नाही.

पायरी ८: आयत्या मिळालेल्या गोष्टी

‘मला पोहता येतं’ आणि ‘आज मी पोहू शकतो’ यांतला फरक फ्रेंच जसाच्या तसा करते: पहिल्याला ‘साव्हवार’, दुसऱ्याला ‘पुव्हवार’. ‘माहीत असणे’ही ‘साव्हवार’, पण ‘ओळखणे’साठी ‘कोनेत्र’. ‘मला वेळ पाहिजे’ म्हणजे ‘ईल म फो द्यू ताँ’, ‘हे मला आवडतं’ म्हणजे ‘सा म प्ले’; दोन्हींत ‘मला’ आपल्यासारखंच. ‘तू येत नाहीस?’ला ‘येतो की!’ असं जोर देऊन उत्तर द्यायला फ्रेंचमध्ये खास शब्द आहे, ‘सी’. तिथे ‘वी’ म्हणू नका.

‘त्यू’ (तू) आणि ‘व्हू’ (तुम्ही) यांची जाण आपल्याला आहेच. दुकानदार, शिक्षक, अनोळखी माणूस यांना ‘व्हू’; समोरच्याने सुचवल्याशिवाय ‘त्यू’वर येऊ नका. मात्र फ्रेंच घरात मुलं वडिलांना आणि आजोबांना सहसा ‘त्यू’च म्हणतात. आणि आदराचं बहुवचन समोरच्यापुरतंच आहे. ‘सर आले’ म्हणताना फ्रेंचमध्ये सर एकवचनीच राहतात.

पायरी ९: आकडे आणि स्वतःचं नाव

फ्रान्समध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस (‘कात्र-व्हैं’), नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. बांबू-मासळी कोडीने, म्हणजे वीस-वीस करून, मोजणाऱ्या बाजारात वाढलेल्यांना विसाचा हिशोब परका नाही. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ असे सरळ शब्द आहेत. फ्रान्समधले फोन नंबर दहा आकडी असतात आणि दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून सांगतात. ‘स्वासाँत’ ऐकून तुम्ही ६० लिहिता, तेवढ्यात ‘दूज़’ येतं आणि कळतं की ते ७२ होतं. म्हणून ‘स्वासाँत’ किंवा ‘कात्र-व्हैं’ ऐकलं की पेन थांबवा, पुढचा शब्द ऐका, मग लिहा. ऐकण्यासाठी आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र उत्तम आहे. आधी नुसतं ऐका, मग त्याची संहिता समोर ठेवून पुन्हा.

नावाची तयारी घरीच करून जा. डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या ‘आ-अं’ (ए-वन, म्हणजे सुरुवातीच्या) पातळीच्या तोंडी परीक्षेत परीक्षक तुम्हाला तुमचं नाव अक्षरं सांगून लिहायला लावू शकतात, आणि कचेरीत, दवाखान्यात, भाड्याचं घर शोधताना तर ते हमखास लागतं. फ्रेंचमध्ये जी या अक्षराला ‘झ़े’ म्हणतात आणि जे ला ‘झ़ी’, म्हणजे बरोबर उलटं. आय ला ‘ई’ म्हणतात, आणि ई ला ‘अ’च्या जवळचा, ओठ गोल केलेला स्वर. तुम्ही इंग्रजीच्या सवयीने ‘ई’ म्हणालात की समोरचा कारकून आय लिहून मोकळा होतो. एच म्हणजे ‘आश’, वाय म्हणजे ‘ई-ग्रेक’, डब्ल्यू म्हणजे ‘दूब्ल-व्हे’. गोखले आडनावाच्या माणसाने ‘झ़े, ओ, का, आश, आ, एल, अ’ असं सांगावं. तरी लिहून झाल्यावर समोरचा ते ‘गोकाल’ असंच वाचेल, कारण एच मुका आणि शेवटचं ई-ही मुकं. देशपांडे, राणे, शिंदे सगळ्यांचं असंच होतं. तेव्हा अक्षरं सांगून झाली की आपलं आडनाव सावकाश, शेवटचा ‘ए’ नीट ऐकू येईल असं एकदा म्हणून दाखवा. पुढच्या वेळी रांगेतून हाक येईल तेव्हा ती आपल्यालाच आहे हे ओळखता येईल.